नवरंग: पावसासोबत येणारा, पातेऱ्यात राहणारा आणि मोबाइलच्या स्पीकरला फसणारा पक्षी

मे महिना संपत आला की पक्षीप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रश्न फिरायला लागतात. पाऊस कुठपर्यंत आला? आणि नवरंग आला का? पुढच्या पंधरा-वीस दिवसांत इन्स्टाग्रामवर फोटो दिसू लागतात. ओल्या पानांवर ताठ उभा असलेला, हिरव्या पाठीचा, पंखावर निळा ठिपका असलेला, शेपटीखाली लालभडक असा एक गुटगुटीत पक्षी आणि त्याच्या चोचीत गांडुळांचा गुंता. रंग इतके भडक, की हा फोटो एआयने बनवलाय का, अशी शंका कुणाला तरी येतेच.

पक्षी खरा आहे. विदेशीही नाही. मुंबईजवळचं कर्नाळा, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, वसईचं तुंगारेश्वर, कोकणातल्या गावामागचं रान, विदर्भातली जंगलं अशा ठिकाणी तो दरवर्षी पावसाळ्यात येतो, घरटं बांधतो, पिल्लं वाढवतो आणि निघून जातो. मराठीत त्याला नवरंग म्हणतात, हिंदीत नौरंग आणि इंग्रजीत इंडियन पिट्टा. (गुगलवर नुसतं 'नवरंग' टाकलं तर आधी व्ही. शांताराम यांचा १९५९ चा सिनेमा समोर येतो, त्यामुळे पुढे 'पक्षी' लिहायला विसरू नका.)

गेल्या काही वर्षांत या पक्ष्याची लोकप्रियता भलतीच वाढली आहे. फोटोग्राफर त्याच्यामागे जंगलात जातात, रीलवर त्याला लाखो लोक बघतात. पण ज्या दोन-तीन महिन्यांत हे सगळं होतं, नेमके तेच त्याचे वर्षातले सगळ्यात नाजूक महिने असतात. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी हा पक्षी राहतो कसा ते बघावं लागेल.

खरंच नऊ रंग आहेत का?

मोजायला बसलात तर नऊपर्यंत गाडी जाते, पण थोडी ओढूनताणून. पाठ हिरवी. पंखावर आणि कमरेवर चमकदार निळा. डोळ्यांवरून मागे जाणारा रुंद काळा पट्टा, त्यावर पांढरी भुवई, गळाही पांढरा. डोक्यावर तपकिरी-पिवळसर पट्टे आणि त्यांच्या मधोमध एक काळी रेघ. छाती-पोट फिकट बदामी. पोटाच्या खालच्या भागापासून शेपटीच्या बुडापर्यंत किरमिजी लाल. पाय गुलाबीसर. यातला निळा रंग म्हणजे रंगद्रव्य नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरला जातो आणि आपल्याला निळा दिसतो. मोरापासून खंड्यापर्यंत बहुतेक पक्ष्यांच्या निळ्याची हीच गोष्ट आहे.

नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. त्यामुळे "नर जास्त रंगीत" हा नेहमीचा नियम इथे लागू होत नाही, आणि फोटोखाली "नर नवरंग" असं ठामपणे लिहिणाऱ्यांकडे जरा संशयानेच बघावं. आकार बुलबुलाएवढा, लांबी साधारण १५ ते १९ सेंटिमीटर, वजन ५०-६० ग्रॅमच्या आसपास. पण शेपटी इतकी आखूड, की मागून कुणी कापून टाकली आहे असं वाटावं. पाय मात्र लांब आणि दणकट.

ही आखूड शेपटीच त्याच्या शास्त्रीय नावात आहे. इंग्रज निसर्ग अभ्यासक जॉर्ज एडवर्ड्स यांनी १७६४ मध्ये श्रीलंकेतून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधून, आलेल्या एका पक्ष्याचं चित्र आणि वर्णन छापलं. त्यावरून दोन वर्षांनी कार्ल लिनियस यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि चक्क कावळ्यांच्या गटात टाकलं. 'कोर्व्हस ब्राक्युरस', म्हणजे आखूड शेपटीचा कावळा! नंतर चूक दुरुस्त झाली आणि १८१६ मध्ये या पक्ष्यांसाठी 'पिट्टा' ही स्वतंत्र प्रजाती केली गेली. हा शब्द लॅटिन किंवा ग्रीक नाही. तो तेलुगू आहे. तेलुगूत 'पिट्ट' म्हणजे लहान पक्षी. आज आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत या कुळातले चाळीसहून जास्त पक्षी जगभर याच तेलुगू शब्दाने ओळखले जातात, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

इतका रंगीत, तरी दिसत का नाही?

कारण तो तुम्ही बघता तिथे नसतो. पक्षी म्हटलं की नजर झाडाच्या शेंड्याकडे जाते. नवरंग असतो खाली, झुडपांच्या सावलीत, कुजणाऱ्या पानांच्या थरावर. कोकणात या थराला पातेरा म्हणतात. तिथे तो टुणटुण उड्या मारत फिरतो, चोचीने पानं उलटतो, बाजूला फेकतो आणि खालून किडे, अळ्या, वाळवी, गांडुळं, गोगलगायी शोधून खातो. मध्येच थांबून आखूड शेपटी सावकाश वर-खाली हलवतो. धोका वाटला तर उडण्याऐवजी दोन-चार उड्यांत झुडपात गायब होतो.

लाल पोट आणि बदामी छाती खालच्या बाजूला, पाठ हिरवी. वरून बघणाऱ्या शिकारी पक्ष्याला, किंवा उभ्या माणसालाही, ओल्या जंगलाच्या जमिनीवर हिरवट ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. फोटोतला नवरंग इतका झगझगीत दिसतो, त्यात जमिनीलगत झोपून फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरचा मोठा वाटा आहे.

म्हणून जाणकार लोक नवरंग बघायला जातात तेव्हा आधी ऐकतात. दोन सुरांची स्पष्ट शीळ, साधारण "व्हीट-ट्यू" अशी. पहाटे आणि संध्याकाळी जास्त. शीळ घालताना तो बऱ्याचदा फांदीवर चढतो, मान मागे टाकतो आणि सगळा जोर लावून ओरडतो. एकाने सुरुवात केली की आसपासचे दुसरे नवरंग उत्तर देतात.

या शीळेमागे एक रंजक गोष्ट आहे. जगातल्या निम्म्याहून जास्त पक्षी-जाती एकाच मोठ्या गणात येतात, ज्यात चिमणी, बुलबुल, कोतवाल, कावळा हे सगळे आहेत. या गणाच्या दोन प्रमुख शाखा आहेत. पहिल्या शाखेतले पक्षी गाणं शिकतात, म्हणजे पिल्लू मोठ्यांचं ऐकून ऐकून गातं. दुसऱ्या शाखेतले पक्षी मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, आणि त्यांचा आवाज बहुतांशी जन्मजात असतो असं मानलं जातं. नवरंग या दुसऱ्या शाखेचा. भारतात या शाखेचे फार थोडे प्रतिनिधी आहेत. त्यामुळे घराजवळच्या दयाळाला रोज नवीन ताना घेताना तुम्ही ऐकलं असेल, तसं नवरंगाकडून ऐकायला मिळणार नाही. त्याची दोन सुरांची शीळ ठरलेली असते.

हा मुद्दा लक्षात ठेवा. मोबाइलचा स्पीकर पुढे येणार आहे.

पावसाशी त्याचं काय नातं?

पावसाची वर्दी देणारा पक्षी म्हणून मराठी माणसाला पावशा आठवतो. "पेरते व्हा, पेरते व्हा" हे त्याचं ओरडणं गावोगावी माहीत आहे. नवरंगाला एवढी प्रसिद्धी कधी मिळाली नाही, पण वेळ पाळण्यात तो कमी नाही. मेच्या अखेरीस, जूनच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या जंगलांत त्याची शीळ ऐकू येते. मग पाऊस पडतो आणि शीळ दिवसभर सुरू राहते.

कारण पोटाचं आहे. उन्हाळ्यात जमीन कडक, पातेरा कुरकुरीत, किडे खोल गेलेले. पहिले पाऊस झाले की पातेरा भिजतो, कुजायला लागतो, गांडुळं वर येतात, अळ्यांचा सुकाळ होतो. जमिनीवरचं हेच खाऊन जगणाऱ्या पक्ष्याला पिल्लं वाढवायला यापेक्षा चांगला काळ नाही. वर झुडपं दाट होतात, घरट्याला आडोसा मिळतो.

घरटं जमिनीवर किंवा कमी उंचीच्या फांदीवर असतं. सुक्या पानांचा, काटक्यांचा, गवताचा मोठा गोळा आणि एका बाजूला गोल दार. लांबून बघितलं तर वाऱ्याने साचलेला पालापाचोळा वाटतो. तसंच वाटावं हाच त्यातला बचाव आहे. मादी चार-पाच पांढरी, चकचकीत अंडी घालते, त्यांच्यावर जांभळट-तांबूस ठिपके असतात. अंडी उबवणं आणि पिल्लांना भरवणं ही कामं नर-मादी दोघंही करतात. पिल्लं घरट्यात असली की दोघांच्या दिवसभर फेऱ्या चालतात. व्हायरल होणारा चोचभर गांडुळांचा फोटो याच काळातला. म्हणजे तो फोटो जिथे काढला, तिथून घरटं फार लांब नसतं.

हजारो किलोमीटरचा प्रवास, तोही रात्री

नवरंग आपल्याकडे कायमचा राहत नाही. त्याचे विणीचे प्रदेश पाकिस्तानातल्या मारगल्ला टेकड्यांपासून नेपाळपर्यंत हिमालयाच्या पायथ्याला, मध्य भारतातल्या डोंगराळ जंगलात आणि पश्चिम घाटात कर्नाटकापर्यंत पसरलेले आहेत. पावसाळा संपला की सगळे दक्षिणेकडे सरकतात. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. हिमालयाच्या पायथ्याशी जन्मलेला एखादा नवरंग श्रीलंकेपर्यंत गेला, तर एका बाजूचा प्रवास अडीच हजार किलोमीटरच्या घरात जातो. जमिनीवर उड्या मारत फिरणाऱ्या, आखूड शेपटीच्या पक्ष्यासाठी हे अंतर कमी नाही.

हा प्रवास तो रात्री करतो, आणि शहरांशी त्याची गाठ पडते ती इथेच. रात्री उडणारे पक्षी शहराच्या दिव्यांनी गोंधळतात, उजेडाकडे ओढले जातात, काचेवर आदळतात किंवा दमून खाली उतरतात. म्हणून मे-जूनमध्ये आणि पुन्हा पावसाळा संपताना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एखाद्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, बाल्कनीत, कधी थेट दिवाणखान्यात नवरंग सापडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कुणाचा तरी पाळलेला विदेशी पक्षी पिंजऱ्यातून सुटला. रंग बघता हा समज अगदी स्वाभाविक आहे, पण त्यातून घोटाळा होतो. कुणी त्याला पिंजऱ्यात ठेवून दाणे घालतो. नवरंग दाणे खात नाही. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला पकडून पाळणं हा गुन्हा आहे.

असा पक्षी सापडला तर करायचं ते सोपं आहे. मांजर, कुत्री आणि लहान मुलं दूर ठेवा. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, हवेसाठी भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला आणि पक्ष्याला अलगद आत ठेवून झाकण बंद करा. खोकं शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. काचेवर आपटून सुन्न झालेले पक्षी अनेकदा तास-दोन तासांत सावरतात. चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. भात, दूध, बिस्कीट काहीही नको. दर पाच मिनिटांनी उघडून बघणं आणि सेल्फी काढणं तर अजिबात नको, कारण त्याला खरी गरज अंधाराची आणि शांततेची असते. रात्री सापडला असेल तर उजाडेपर्यंत थांबा आणि मग जवळच्या झाडीत, रस्त्यापासून लांब, खोकं जमिनीवर ठेवून झाकण उघडा. तो स्वतः बाहेर येईल. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा काही तासांनीही उभा राहत नसेल, तर महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

स्पीकर, कॅमेरा आणि घरटं

आता त्या ठरलेल्या दोन सुरांकडे.

नवरंगाला शोधणं कठीण आहे, हे वर आलंच. पण त्याला बोलावणं सोपं आहे. पक्ष्यांचे आवाज ओळखणारी अ‍ॅप आता प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात आणि त्यातल्या अनेक अ‍ॅपमध्ये तेच आवाज वाजवताही येतात. जंगलात नवरंगाची शीळ मोठ्याने वाजवली की बऱ्याचदा पक्षी झुडपातून बाहेर येतो, समोरच्या फांदीवर बसतो, मान मागे टाकून उत्तर देतो. फोटोग्राफरला हवा तसा फोटो मिळतो. याला प्लेबॅक म्हणतात.

पक्ष्याच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं आहे. त्याला स्पीकर कळत नाही. त्याला ऐकू येतो तो आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नवरंग. म्हणून तो खाणं सोडतो, घरट्याजवळून निघतो आणि भांडायला येतो. पण समोर कुणीच नाही. तो शोधत राहतो, ओरडत राहतो. पाच मिनिटांनी फोटोग्राफरचा एक गट जातो, दुसरा येतो, आणि तोच आवाज पुन्हा सुरू होतो. एखाद्याने एकदाच आवाज वाजवला तर फारसं बिघडणार नाही, असं म्हणता येईल. पण शहराजवळच्या ठरावीक पायवाटांवर, जूनमधल्या शनिवार-रविवारी हे 'एकदाच' किती जण करतात, याचा हिशोब पक्ष्यालाच चुकवावा लागतो. त्याच्या वर्षात पिल्लं वाढवण्याचे महिने दोन-तीनच असतात.

त्याहून वाईट प्रकार घरट्याजवळ होतात. घरटं जमिनीलगत असल्यामुळे कॅमेऱ्याच्या सोयीसाठी समोरची फांदी बाजूला करणं, झुडूप कापणं, पानं साफ करणं हे सहज करता येतं. फोटोत घरटं 'मोकळं' दिसावं म्हणून केलेली ही साफसफाई मुंगूस, साप, कावळे यांनाही घरटं मोकळं करून देते. माणसांच्या येण्याजाण्याने गवत दबून वाट तयार होते आणि ती थेट अंड्यांपर्यंत जाते. लोक समोर उभे आहेत म्हणून आई-बाप चोचीत खाणं घेऊन दूर बसून राहतात, आणि आत पिल्लं उपाशी. फोटोत मात्र हे काहीच दिसत नाही. फोटोत फक्त एक सुंदर पक्षी चोचीत गांडुळं घेऊन बसलेला असतो. तो का बसला आहे, कुणाची वाट बघतो आहे, हे फ्रेमबाहेर राहतं.

अनेकांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा त्या व्याख्येत येतं. घरट्यासमोर तंबू ठोकून बसणाऱ्या किती जणांनी हे कलम वाचलं असेल, हा प्रश्नच आहे.

मग फोटो काढायचाच नाही का? काढा. सकाळी लवकर जाऊन एका जागी शांत बसलात तर पातेऱ्यातला खसखस आवाज ऐकू येतो आणि नवरंग आपणहून समोर येतो. वेळ लागतो, कधी येतच नाही. चोचीत खाणं घेतलेला पक्षी दिसला तर दोन फोटो काढून मागे सरकायचं. आणि पोस्ट करताना फक्त तालुका किंवा जिल्हा लिहायचा, नेमकं लोकेशन टाकायचं नाही. घरट्याचा फोटो व्हायरल झाला की पुढच्या रविवारी तिथे काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

पातेरा झाडला की काय होतं?

कॅमेऱ्याचा विषय चर्चेत येतो कारण तो डोळ्यांना दिसतो. दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे आणि त्यावर रील बनत नाहीत. नवरंगाला नुसती झाडं पुरत नाहीत. त्याला झाडांखालची झुडपं लागतात आणि झुडपांखाली न झाडलेली जमीन लागते. वरून हिरवी दिसणारी जागा खालून त्याच्यासाठी रिकामी असू शकते.

कोकणात मार्च ते मे हा वणव्यांचा काळ. काही लागतात, बरेच लावले जातात. गवत जाळण्यासाठी, बाग साफ करण्यासाठी, कधी निष्काळजीपणे टाकलेल्या विडीमुळे. नवरंग यायच्या आधी काही आठवड्यांत त्याचं ताट जळून जातं. खासगी मालकीची जंगलं तोडून तिथे काजू किंवा रबराची लागवड होते. लांबून तेही रानच वाटतं. पण बागेखालची जमीन बेणून स्वच्छ ठेवलेली असते, म्हणजे नवरंगाच्या दृष्टीने तिथे ना अन्न ना आडोसा. याउलट गावाच्या देवराईत पिढ्यान्‌पिढ्या कुणी काटकी उचलत नाही. तिथला पातेरा पाय रुतेल इतका जाड असतो आणि अशी जागा या पक्ष्याला मानवते. शहरातही हाच हिशोब आहे. सोसायटीतली किंवा कॉलेजच्या आवारातली झाडाखालची पानं रोज गोळा करून जाळली जातात. एखादा कोपरा तसाच सोडला, तर प्रवासात दमून उतरलेल्या नवरंगाला निदान दोन दिवस पोट भरायला जागा राहते.

नवरंग आज धोक्यात आहे का? जागतिक यादीनुसार नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, त्याला 'कमी चिंता' या वर्गात ठेवलं आहे, कारण त्याचा प्रदेश खूप मोठा आहे. पण त्याच्या एका भावंडाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. थायलंडचा दक्षिण भाग आणि शेजारचा म्यानमार इथे गर्नीज पिट्टा नावाचा पक्षी राहतो. नराच्या डोक्यावर निळा रंग, अंगावर काळा-पिवळा. हाही सखल जंगलाच्या जमिनीवर वावरणारा. १९५२ नंतर तो कुणाला दिसला नाही आणि संपला असं मानलं गेलं. १९८६ मध्ये थायलंडमध्ये तो पुन्हा सापडला, २००३ मध्ये म्यानमारमध्येही. पण ज्या सपाट जंगलात तो राहत होता तिथे पाम तेलाच्या आणि रबराच्या बागा उभ्या राहत गेल्या. आज तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. सापडूनही वाचलेला नाही, अशी त्याची अवस्था आहे.

भारतात पिट्टा कुळातले आणखी काही पक्षी आहेत. ओडिशातल्या भितरकणिकाच्या खारफुटीत राहणारा मॅन्ग्रोव्ह पिट्टा त्यातला एक. ईशान्य भारतात निळा पिट्टा आणि निळ्या मानेचा पिट्टा आहेत. ही सगळी मंडळी नवरंगापेक्षाही लाजरी.

सहा वाजताचा पक्षी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या जंगलात शीळ ऐकू येईनाशी होते आणि नवरंग दक्षिणेत पोहोचतो. तिथे तो घरटं बांधत नाही, फार ओरडत नाही. प्रत्येक पक्षी आपापला झाडीचा तुकडा धरतो आणि एकटाच पानं उलटत हिवाळा काढतो. चेन्नई शहराच्या आत असलेल्या गिंडी राष्ट्रीय उद्यानातही तो असतो. पण उजाडताना आणि मावळताना मात्र एक-दोनदा शीळ घालतो. तमिळमध्ये त्याचं नावच 'आरुमणि कुरुवि' आहे, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. आपण त्याला रंगांवरून नाव दिलं, तमिळ लोकांनी घड्याळावरून.

श्रीलंकेत सिंहली लोककथेत याच शीळेचा अर्थ तक्रार असा लावला जातो. नवरंगाचा सुंदर पोशाख मोराने पळवला आणि तो अजून परत मागतो आहे, अशी ती गोष्ट. एवढे रंग अंगावर असताना त्याच्याकडे आणखी किती होते, हे कथा सांगत नाही.

एप्रिल उजाडला की तिथली झाडी रिकामी व्हायला लागते. रात्रीच्या अंधारात ते एकेक करून उत्तरेकडे निघतात. कोकणात तेव्हा वणवे पेटलेले असतात आणि पावसाला अजून दीड-दोन महिने असतात.